फेब्रुवारीचा पगार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा. तिच्याशीही यातलं बरंच बोलायचं आहे.

माझ्या आयकरावरच्या माहितीपटात बोलायला नेता मिळाला. तीन महिने लागले. त्याची एक अट आहे आणि ती तुमच्याविषयीची आहे, म्हणून फोनवर घाईत सांगितलं नाही.

कापसाच्या भावावर, पीकविम्यावर, कर्जमाफीवर बोलायला सगळे तयार असतात. विषय आयकर, त्यातही शेतीच्या उत्पन्नाचा, असं म्हटलं की स्वीय सहायकाचा आवाज बदलतो. साहेब दौऱ्यावर आहेत, अधिवेशन आटोपू द्या. हिवाळी अधिवेशनात मी नागपूरला आमदार निवासाबाहेर चार दिवस उभी होते. एका नेत्यानं प्रश्न लिहून मागितले. मी अकरा पाठवले, चार परत आले. शेतीच्या उत्पन्नाचा प्रश्न त्या चारांत नव्हता.

त्यांची भीती मला कळते. आपल्याकडे 'शेतीवर कर' एवढे दोन शब्द कानावर पडले तर चार एकरवाल्याला वाटणार की आता आपल्याही चुकाऱ्यातून कापणार. तसं कोणी करायला निघालं तर पहिली मीच आडवी येईन. आपल्या वावरात पऱ्हाटीला लावलेला पैसा किती वर्षं परत आला नाही, हे मी आईच्या तोंडून ऐकतच मोठी झाले.

पण बाबा, माझ्या डोळ्यांपुढून तुमचा फेब्रुवारी जात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतले सगळे गुरुजी आपल्या ओसरीत जमायचे, कारण तुमचं अक्षर चांगलं होतं आणि बेरीज चुकत नव्हती. बल्बखाली पॅडवर कार्बन ठेवून तुम्ही पट्टीनं रेघा ओढायचे आणि आयकराचे तक्ते भरायचे. विम्याचे हप्ते, भविष्य निर्वाह निधी, त्यांवरच्या करसवलतीचं आधी कलम ८८ आणि पुढे ८० सी. वर्षभराचा उरलेला कर त्या एका पगारातून जायचा. व्यवसाय करसुद्धा एरवी महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. आई जानेवारीतच तुरीची डाळ भरडून डबे भरून ठेवायची आणि किराणावाल्याला सांगून यायची की आता एकदम होळीनंतर. एका फेब्रुवारीत तुमच्या हातात काय आलं ते तुम्ही आईला सांगितलं नाही. नुसती पगाराची चिठ्ठी देवाजवळ ठेवली. मी ती उचलून पाहिली होती.

तेव्हा तुम्ही एक वाक्य बोलायचे. 'माझं कापतात त्याचं दुःख नाही, शाळा त्याच पैशातून चालते. पण ज्याच्या वाड्यात चार ट्रॅक्टर उभे आहेत, त्याला कोणी कागदही का मागत नाही?' मी हा माहितीपट काढायला निघाले ती या वाक्यामुळे.

उत्तर शोधताना मला पार मागं जावं लागलं. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी खाली झाली म्हणून इंग्रज सरकारचा खजिना सांभाळणाऱ्या जेम्स विल्सननं १८६० साली आयकर आणला, तेव्हा शेतीचं उत्पन्नही त्यात धरलं होतं. १८८६ च्या कायद्यानं ते वगळलं, कारण शेतसारा वेगळा घेतलाच जात होता. पुढं घटनेनं शेतीच्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना दिला आणि बाकीच्या उत्पन्नावरचा केंद्राला. त्यामुळे दिल्लीला विचारावं तर ते मुंबईकडे बोट दाखवतात, आणि मुंबईत कोणी बोलत नाही. १९७२ साली अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या समितीनं मोठ्या शेतधारणेवर कर सुचवला होता, तो बसलाच नाही. त्याच काळात, यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, वरच्या टप्प्याचा आयकर अधिभार धरून ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता. एकीकडं एवढा कर आणि दुसरीकडं शेतीच्या नावाखाली केंद्राचा आयकर शून्य. पैसेवाला कोणत्या बाजूला जाईल, हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. २०१९ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी दाखवलं की तपासलेल्या प्रकरणांपैकी २२ टक्क्यांहून जास्त ठिकाणी शेतीउत्पन्नाची सूट पुरेशी कागदपत्रं न पाहताच दिली होती. कागद का मागत नाहीत, हा तुमचाच प्रश्न त्यात छापलेला पाहून मी किती वेळ ते पान उघडं ठेवून बसले होते.

आता त्या नेत्याविषयी. माजी आमदार आहेत, वय झालेलं. नाव पत्रात लिहीत नाही. मी न सांगता त्यांच्या वावरात गेले तेव्हा संध्याकाळ होत होती. लिंबाच्या फांदीला काटा टांगला होता आणि वेचणीच्या बाया एकेक गाठोडं आणून अडकवत होत्या. ते स्वतः बाजेवर बसून प्रत्येकीच्या नावापुढं किलो लिहीत होते. एका बाईनं 'अर्धा किलो कमी धरला' म्हटलं, तर त्यांनी गाठोडं पुन्हा टांगायला लावलं, काटा थांबेस्तोवर वाट पाहिली आणि आकडा खोडून दुरुस्त केला. तेव्हाच माझ्या मनानं घेतलं की विचारायचं तर यांनाच.

शेवटची बाई गेल्यावर मी त्यांचंच निवडणुकीचं शपथपत्र पुढं केलं. उमेदवाराला पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न त्यात लिहावं लागतं. त्यांनी ते हात लांब करून वाचलं.

'कोन्या गावची वं तू?'

गाव सांगितलं, तुमचं नाव सांगितलं.

'गुरुजीची पोरगी व्हय काय!' मग बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, 'मी बोलतो. हा कागदही टेबलावर ठेव. पण प्रश्न तू नको विचारू. ज्याच्या पगारातून कापलं त्यानं विचारावं, मी त्याच्याकडं पाहून सांगतो.'

हीच ती अट.

बाबा, तुम्ही याल ना? येत्या रविवारी सकाळी आठला गाडी पाठवते. पाठ काहीच करू नका, ते एक वाक्य जसं ओसरीत म्हणायचे तसं म्हणा. आमदारसाहेब बोलताना अडले तर अडू द्या, तुम्ही सांभाळून घेऊ नका. तुमचा तो स्वभाव मला माहीत आहे.

आणि आई, तूसुद्धा यायचं. 'शेतकरी कर भरत नाही' असं कोणी म्हटलं की तू चिडतेस, ते बरोबर आहे. फवारणीच्या औषधावर आपण १८ टक्के जीएसटी देतो आणि तो दोन एकरवाल्यालाही सुटत नाही. हे तू त्यांच्यासमोर बोललं पाहिजे. तुझ्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील आणि लोक बाबांच्या प्रश्नाचा उलटा अर्थ काढतील.

जुन्या तक्त्यांच्या कार्बन प्रती आणि फॉर्म १६ माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत असतील. बाबांनी वर चढू नये, शेजारच्या पोराला सांगा. कागदाला वाळवी लागली असेल तरी झटकू नका, तसेच आणा, मला ते जवळून टिपायचे आहेत. बाबा, पांढरा सदरा कॅमेऱ्यात फार चमकतो, दिवाळीचा निळा घाला. ट्रंकेची किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला असायची, अजून तिथंच असेल.

तुमची,
बबी