चेतक एवढ्यात देऊ नका

ती. आई-बाबांना
सा. न.

१ मेला तिकडे महाराष्ट्र दिन, इकडे कामगार दिन, म्हणजे सुट्टी दोन्हीकडे. आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम संध्याकाळी होता. मग सकाळीच डबा भरून आम्ही तिघं ट्रेनने हानोव्हरला गेलो. तिथे दरवर्षी या दिवशी प्रदर्शनाच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये जुन्या फोक्सवॅगन गाड्यांचा मेळावा भरतो. बीटल, मिनीबस, कारमान घिया, सगळा एअर-कूल्ड कारभार. रेडिएटर नाही, पाणी नाही. बाबा, तुम्ही असतात तर दुपारपर्यंत पहिल्या रांगेतून हलला नसतात.

बीटलचं वय मागून कळतं. मागची काच दोन तुकड्यांची असेल तर गाडी मार्च १९५३ च्या आधीची. मग लंबगोल काच आली आणि १९५७ पासून मोठी, चौकोनी. ओजसला हे एकदा सांगितलं आणि पस्तावले. नंतर तो प्रत्येक गाडीच्या मागे पळत जाऊन मोठ्याने साल जाहीर करत होता आणि मालक मंडळी हसून माना डोलावत होती. काही गाड्यांना इंडिकेटरचे दिवेच नाहीत. बटण दाबलं की दाराच्या मागच्या खांबातून वीतभर नारिंगी पट्टी बाहेर येते, एसटीचा कंडक्टर खिडकीतून हात काढायचा तशी. १९६० पर्यंत इथे हेच चालायचं.

आता खास तुमच्यासाठी. १९६१ पर्यंत बीटलला पेट्रोलचा काटाच नव्हता. ड्रायव्हरच्या पायापाशी एक चावी असायची. गाडी आचके द्यायला लागली की बुटाने ती चावी फिरवायची आणि रिझर्व्हवर पंप गाठायचा. मी तिथे उभ्या उभ्या हसले, कारण मला कोयना पुलावर मधोमध थांबलेली आपली चेतक आठवली. तुम्ही सीटखाली हात घालून नॉब फिरवत होतात आणि आई पदर सावरत म्हणत होती, "परत रिझर्व्हला लागली का?"

ज्या गाडीपाशी आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो तिचा मालक पंचाहत्तरीचा असेल. आयुष्यभर हानोव्हरच्याच मिनीबसच्या कारखान्यात नोकरी केलेली. हा कारखाना १९५६ सालचा. वोल्फ्सबुर्गच्या मुख्य कारखान्यात जागा पुरेना म्हणून बसचं उत्पादन इकडे हलवलं. आजोबांनी मागचं झाकण उघडलं आणि ओजसला पुढे बोलावलं. इंजिन मागे, चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे झोपलेले. वर डायनॅमो आणि त्याच्याच दांड्यावर पंखा. पंखा हवा ओढतो, पत्र्याच्या आवरणातून ती सिलिंडरच्या कंगोऱ्यांवर सोडतो. डायनॅमो फिरतो एका पट्ट्यावर. हा पट्टा तुटला की समोर लाल दिवा लागतो. नवख्याला वाटतं, चार्जिंग गेलं, घरी जाऊन बघू. पण पट्ट्याबरोबर पंखाही थांबलेला असतो, आणि त्या समजुतीत आणखी थोडं अंतर चालवलं तर इंजिनच जातं.

मी त्यांना म्हटलं, आमच्या बाबांच्या स्कूटरला पट्टाच नाही, पंखा थेट फ्लायव्हीलवर. आजोबांनी भुवया उंचावल्या आणि विचारलं, आवरण पत्र्याचं की प्लास्टिकचं? हे विचारणारा माणूस खरा! दादाने एकदा इंजिन गार राहील म्हणून ते कव्हर काढून गाडी गावभर फिरवली होती, तेव्हा तुम्ही त्याच्यावर केवढे ओरडला होतात! कव्हर नसलं तर हवा वाट्टेल तिकडे जाते, सिलिंडरवर जात नाही, हे तुमचं वाक्य मी आजोबांना जर्मनमध्ये ऐकवलं. त्यांनी टाळीच दिली. मग पुढचा अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही. इंजिन चार बोल्टवर बसलेलं असतं, ते सोडले की खाली उतरतं. तेल जेमतेम अडीच लिटर, फिल्टर नाही, नुसती जाळी. म्हणून तेल वेळेवर बदलायचं, त्यात कंजूषपणा नाही. मी ऑफिसात दिवसभर गाड्यांचंच काम करते, पण स्क्रीनवर. हात काळे होण्याचा प्रश्नच येत नाही.

आई, तुझ्यासाठी एक बस बघून ठेवली होती. साठच्या दशकातली, आत वेस्टफालिया कंपनीने बनवलेलं लाकडी फर्निचर. दोन माणसांची झोपायची सोय, छोटा ओटा, घडीचं टेबल. पडदे मालकीणबाईंनी स्वतः शिवलेले. तू असतीस तर आधी दुमड उलटून बघितली असतीस, म्हणून मीच बघितली. हातशिलाई होती, बारीक. त्यांनी आम्हाला बसवून कॉफी आणि र्‍हुबार्बचा केक दिला. र्‍हुबार्ब म्हणजे लाल देठांची आंबट भाजी, याच दिवसांत येते. तुझ्या हाती पडली तर तू तिची अंबाडीसारखी डाळ घालून आमटी करशील, केक नाही. मी आपली धपाटी पुढे केली. त्यांनी दोन घेतली आणि कशाची म्हणून विचारलं. भाजणी समजावताना माझं जर्मन संपलं.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. एवढ्या हसऱ्या बीटलची सुरुवात हिटलरच्या काळातली आहे. दर आठवड्याला किमान पाच मार्कांचं तिकीट चिकटवून कार्ड भरा आणि गाडी मिळवा, अशी योजना होती. तीन लाखांवर लोकांनी तिकिटं चिकटवली, गाडी एकालाही मिळाली नाही. युद्ध लागलं आणि कारखान्यात धरून आणलेल्या परदेशी मजुरांकडून लष्करी काम करून घेतलं गेलं. साध्या लोकांसाठी गाड्या भरभरून निघायला लागल्या त्या १९४५ नंतर, ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कारखाना पुन्हा सुरू केल्यावर. मेळाव्यात हे कुणी बोलत नाही. कामगार दिनालाच बोलत नाही, हे मला खटकलं. आजोबांना विचारावंसं वाटलं होतं, पण ओजस त्यांच्या स्टिअरिंगला लटकला होता आणि ते खुशीत होते, म्हणून राहून गेलं.

तुम्हीही चेतकचे पैसे भरून थांबलाच होतात. नंबर लागेपर्यंत माझा जन्म होऊन मी बालवाडीत जायला लागले होते! पण निदान गाडी दारात आली. आता मुद्द्यावर येते. आई फोनवर म्हणाली की भंगारवाला दोनदा येऊन गेला आणि बाबांचं मन झालंय, शेड मोकळी होईल म्हणून. बाबा, एवढ्यात देऊ नका.

इथे गाडी तीस वर्षांची झाली, मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत असली, की नंबर प्लेटच्या शेवटी एच लागतो आणि कारला वर्षाला सरसकट १९१ युरोच्या आसपास कर पडतो. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी आणि पर्यावरण कर, म्हणून लोक कंटाळून गाडी काढून टाकतात. २०२१ पासून आपल्याकडेही जुन्या वाहनांसाठी व्हीए असलेली वेगळी नंबर प्लेट आली आहे, पण त्यासाठी गाडी पन्नाशी ओलांडलेली लागते. आपली चेतक अजून तेवढी म्हातारी नाही, तिला मध्येच अडकल्यासारखं झालंय. तरी पासिंगचं आपण बघू. कागद आहेत का एवढं आधी कळू दे. आरसी बुक बहुतेक आईच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली आहे.

दादाला एवढंच करायला सांगा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं, ते कुजलं असणार. प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-टी ऑइलचे चार थेंब सोडायचे, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी इग्निशन बंद ठेवून किक हळूहळू दाबायची. अडकली तर जोर लावायचा नाही, मला फोन करायचा. टायर तर गेलेच असतील, ते मी आल्यावर बघू. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते आहे, ओजससकट. त्याला किक मारायची आहे. पाय पोचत नाही हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

बाबा, गुडघ्याचं तेल लावत जा आणि शेडमध्ये एकटे वाकून काही करत बसू नका. आई, ह्यांच्यावर लक्ष ठेव. भंगारवाला परत आला तर त्याला रद्दी दे, ती पुष्कळ साठली आहे.

तुमची
मनू