काका, तुमच्या बुटाची लेस अजून माझ्याकडेच आहे

काका,

तुम्ही माझं नाव विचारलं नाहीत आणि तुमचं विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. चिखलात सायकल घेऊन पळणारी माणसं मुळात मोजकी, तेव्हा फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचेलच. आणि लेस म्हटल्यावर तुम्हाला आठवेल. पांढरी, अर्धी तपकिरी झालेली, दोन गाठी मारलेली.

त्या दिवशी तुम्ही भेटलात, तेव्हा मी चार महिने सायकल शोधत होते. शोधणं कमी, ऐकून घेणं जास्त. पहिल्या दुकानात मी ‘सायक्लोक्रॉस’, म्हणजे चिखलातून आणि अडथळ्यांवरून होणाऱ्या शर्यतीची सायकल, म्हणाले तर समोरच्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. उंची पाच फूट एक इंच, खांद्याला ऑफिसची बॅग. “मॅडम, पुढे बास्केटवाली दाखवू का?” बजेट सांगितल्यावर तर तो बास्केटवालीही दाखवायला तयार नव्हता.

दुसऱ्या ठिकाणी गोड बोलणारा भेटला. तो जास्त महागात पडला असता. त्याच्याकडे एक सायकल कधीची पडून होती, माझ्यापेक्षा दोन साइझ मोठी. “स्टेम छोटा टाकून देतो, सीट खाली घेतो, तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही.” (स्टेम म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा.) खरंच कळलं नसतं. आगाऊ रक्कम द्यायला मी पर्स उघडली होती. तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेले आणि वाचले. त्या फोनचेही खरं तर आभार मानायला हवेत.

आणि तिसरे म्हणजे सल्लागार. त्यांची सायकल कार्बनची, जीभ पोलादाची. “एवढ्या पैशांत क्रॉस होत नाही. आधी पैसे जमव, मग बोल.” एकाने मला ज्या चाकांची शिफारस केली, त्या चाकांच्या किमतीत माझं पूर्ण बजेट दोनदा बसलं असतं. हे सगळे चुकीचं सांगत होते असंही नाही. चाकं चांगलीच असणार.

त्या दिवशी मी नुसती शर्यत बघायला आले होते. तुम्ही कडेला सायकल धूत होतात, बादली आणि फडकं घेऊन, आणि हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, ‘विकणे आहे’. किंमत विचारली. जेमतेम, पण बसत होती. म्हटलं, संपला वनवास.

तुम्ही उलट मलाच विचारलंत, “शर्यत मारायचीय की फिरायचंय?”

चार महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, बजेट किती. मी म्हणाले, दोन्ही, पण आधी शर्यत. तुम्ही फडकं पिळत म्हणालात, “नुसतं फिरायचं असतं तर ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर फिरायची सायकल, घे म्हटलं असतं. ती लांबट असते, पॅडल जमिनीच्या जरा जवळ असतं, जाड टायर बसतात, दिवसभर चालवली तरी पाठ कुरकुरत नाही. ही क्रॉसची पोरगी तासाभराच्या मारामारीसाठी केलेली. आखूड, वळायला चपळ, पॅडल जमिनीपासून जरा वर.” मग टायरचं सांगितलंत. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शर्यतीत 33 मिलिमीटरपेक्षा रुंद टायर चालत नाही. “पण पहिल्या वर्षी तुझे टायर मोजायला कोण येतंय?”

मग म्हणालात, “बस.” मी बसले. तुम्ही बाजूने बघितलंत, दोन पावलं मागे जाऊन पुन्हा बघितलंत.

“उतर. ही तुझी नाही.”

काका, माझी पर्स हातात होती. गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलेलं, घासाघीसही न करणारं. आणि तुम्ही चिठ्ठी सरळ करून पुन्हा फडकं उचललंत. मीच लाचार होऊन म्हणाले, सीट खाली घेऊन बघू या का? (बघा, गोड बोलणाऱ्याने मला किती तयार करून ठेवलं होतं.) तुम्ही म्हणालात, “सीट वरखाली होते गं. फ्रेमची लांबी कोण कमी करणार?”

माझा चेहरा पडला असणार. कारण मग तुम्ही ओल्या गवतात बसकण मारलीत आणि डाव्या बुटाची लेस सोडायला लागलात. मला वाटलं, बूट बदलताय. पण तुम्ही एकेका भोकातून ती पूर्ण ओढून काढलीत, दोन बोटांच्या चिमटीत धरून तिच्यातला चिखल निपटलात, आणि मी ज्या जुन्या रोड बाइकवरून आले होते तिच्याकडे गेलात.

“हिच्यावर पाठ दुखते?”

“नाही.”

“गुडघे? मान?”

“नाही. पण हिच्यात 25 मिलिमीटरच्या वर टायर शिरत नाही.”

“टायरचं सोड. दुखत नाही ना? मग हेच तुझं माप.”

लेसचं एक टोक क्रँकच्या, म्हणजे पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्याच्या, बरोबर मध्यावर अंगठ्याने दाबलंत. दुसरा हात सीटच्या नळीला धरून वर नेलात, सीटच्या माथ्यावर आलात, तिथे चिमटीत पकडून गाठ मारलीत. मग तेच टोक सीटच्या नाकाला लावून हँडलच्या मधोमध नेलंत, आणि तिथे दुसरी गाठ. लेस ओली, गाठ सरकत होती. तुम्ही ती दातांनी ओढून घट्ट केलीत. थोडा चिखल थुंकलात आणि पुन्हा एकदा माप लावून बघितलंत.

हे करताना तुमचं तोंड चालूच होतं. 1950 साली पॅरिसला या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती जिंकणारा झाँ रोबिक 1 मीटर 61 सेंटिमीटरचा होता, आणि त्याआधी 1947 ची तूर द फ्रान्सही त्याने मारली होती. “तुझ्याहून अडीच इंच उंच असेल फार तर. उंचीचं रडगाणं मला सांगू नकोस.” मी उंचीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. पण पहिल्या दुकानापासून ते घशात अडकलेलं होतं, हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे.

“खिशात ठेव. कुठलीही सायकल बघायला गेलीस की आधी लेस लाव, मग डोळे. रंग सगळ्यात शेवटी.”

एवढं बोलून तुम्ही निघालात. एक बूट घट्ट, दुसऱ्याची जीभ बाहेर, फटक फटक करत. वाटेत तो बूट चिखलात रुतून मागे राहिला. तुम्ही एका पायावर उभे, सायकलचा आधार घेऊन मागे वळलात, पाय पुन्हा आत घातलात आणि पुढे. मी लेस हातात धरून तिथेच. “काका, लेस!” म्हणून ओरडले. तुम्ही मागे न बघता नुसता हात हलवलात. ते आठवलं की अजून माझा घसा भरून येतो, आणि एका लेसपायी भरून येतो याचं हसूही येतं.

पुढचं थोडक्यात सांगते. तुमच्या लेसने तीन सायकली नापास केल्या. एक तर इतकी देखणी कार्बनची होती की लेस लावूच नये असं वाटलं. लावली. सीटपासून हँडल गाठीच्या पुढे चार बोटं. दुसऱ्या दोघींनी मला एक नवीनच गोष्ट शिकवली. एकीवर 48 लिहिलेलं, दुसरीवर ‘एस’, दोन्ही म्हणे माझ्याच साइझच्या, आणि गाठ मात्र दोन्हींवर वेगळ्याच जागी. प्रत्येक कंपनीचं छोटं वेगळं असतं. लेसचं सगळीकडे एकच.

एक जुनी कँटिलिव्हर ब्रेकची (चाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे ते) अगदी मातीमोलाने मिळत होती. 2010 मध्ये डिस्क ब्रेकला शर्यतीत परवानगी मिळाली, मग हळूहळू सगळे तिकडे वळले, आणि या बिचाऱ्या अडगळीत गेल्या. हलकी होती, ब्रेकच्या आजूबाजूला चिखल अडकायला जागाच नव्हती. पण माझी बोटं आखूड, मुठीत जोर कमी. ओल्या उतारावर तिच्या भरवशावर सुटायचा धीर झाला नाही. ज्याच्या पंजात ताकद आहे त्याने खुशाल घ्यावी.

पाचवी लेसमध्ये पास झाली आणि माप घेता घेता तुम्ही दिलेल्या दुसऱ्या कानमंत्रात नापास. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं तर बरोबर मध्यावर खट् करून अडकलं. हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, बदलता येतो, म्हणून लगेच निराश झाले नाही. पण तुम्ही सांगितलं होतंत तसं हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) मागे, खालच्या नळीच्या पोटाशी बोट फिरवलं, आणि बोटाला रंगाची सुरकुती लागली. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटाला लागली. समोरून कुठेतरी जोरात धडकलेली होती. विकणारा म्हणाला, “तो डिझाइनचा भाग आहे.” मी धन्यवाद म्हणून निघाले.

सहावी माझी. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, मागे दहा चकत्या, पुढे दोन. ओरखडे मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. पहिल्या गाठीवर सीट आणून बघितली. सीटपोस्ट गंजून फ्रेमला धरलेला नव्हता, लोण्यासारखा सरकला. दुसरी गाठ करंगळीच्या नखाएवढी कमी पडली. आणि काका, तेवढं मात्र खरंच छोट्या स्टेमने भागतं! मग फूटपट्टी काढली. चेनची पिन बारा इंचांवर यायला हवी, ती इंचाचा आठवा भाग पुढे गेलेली. म्हणजे चेन गेलीच, आणि जाताना बहुतेक कॅसेटही, म्हणजे मागच्या चकत्यांचा संचही, घेऊन गेली. काही न बोलता मी पट्टी तशीच धरून ठेवली. विकणाऱ्याने ती वाचली, डोकं खाजवलं आणि तेवढे पैसे सोडले. ते सगळे चेन, कॅसेट आणि टायरला गेले. “सगळे पैसे सायकलवर उधळू नकोस, टायरला राखून ठेव, जमिनीला तेच लागतात,” हे तुम्ही दोनदा बजावलं होतंत.

पहिली शर्यत झाली. शेवटून तिसरी आले. मोठ्या शर्यतींतले लोक चिखलात दर अर्ध्या फेरीला धुतलेली दुसरी सायकल घेतात म्हणे. माझ्याकडे एकच. तिसऱ्या फेरीनंतर तिचं वजन माझ्याइतकं झालं असावं. वाटेत ओलांडायच्या आडव्या फळ्या 40 सेंटिमीटरपेक्षा उंच नसतात, पण त्या दिवशी गुडघ्याच्या वर आल्यासारख्या वाटल्या. संथ वळणावर बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं, लहान फ्रेमला हे असायचंच. बाहेरचा पाय सांभाळायला शिकतेय. चढावर सायकल खांद्यावर घेतली तेव्हा बाटलीचा स्टँड बरगडीत रुतला. घरी येऊन आधी तो काढून टाकला.

तुमच्याबद्दल मी ज्याला त्याला सांगत सुटलेय. एक मैत्रीण म्हणाली, “एका लेसचं किती कौतुक!” तिचंही खरं. पण मला त्या चार महिन्यांत जाणकार भरपूर भेटले, तुमच्याइतके, कदाचित जास्तही. कशाला काय म्हणतात, कोणतं किती ग्रॅमचं, सगळं तोंडपाठ. त्यांच्यातल्या एकालाही माझ्या जुन्या सायकलकडे वळून बघावंसं वाटलं नाही, आणि ती तर प्रत्येक वेळी दाराशीच उभी होती. भली माणसं गोडच बोलतात असा माझा समज होता, तोही तुम्ही मोडलात. “ही तुझी नाही” हे तुम्ही बऱ्यापैकी खेकसून म्हणाला होतात. मला तेव्हा राग आला होता, आज कबूल करते.

तुमची ती सायकल गेली का? जायला हवी, इतकी निगुतीने ठेवलेली. माझ्या ओळखीत एक उंच मुलगा आहे, त्यालाही सायकल हवीय. पण त्याला घेऊन येण्याआधी मी लेस लावून बघणार, तुमची सायकल असली तरी.

नव्या मोसमाची पहिली शर्यत असेल तेव्हा मी दोरीच्या आतल्या बाजूला असेन. तुमच्यासाठी नव्या लेसची जोडी आणतेय. बुटाला भोकं किती हे बघायचं राहिलं, म्हणून लांबी या जुन्या लेसवरूनच घेतली. गाठींत गेलेली धरून दोन बोटं जास्तच घेतलीय. जुनी मात्र परत मागू नका.

तुमची,
पाच फूट एक इंचवाली