टेंगूळ उतरलं, रक्त आत साचत राहिलं

महोदय,

वडील मोरीत घसरले, डोकं नळावर आपटलं. टेंगूळ आलं, हळद लावली, विषय संपला. पाच आठवड्यांनी चहाचा कप हातातून निसटू लागला, शब्द अडखळू लागले. आम्ही म्हणालो, वय झालं. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत साचलेलं रक्त मेंदूला दाबताना दिसलं. म्हातारपणी मेंदू आक्रसतो, बारीक शिरा ताणल्या जातात, हलक्या धक्क्यानेही झिरपतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका जास्तच. कवटीला छिद्र पाडून रक्त काढलं, बाबा सावरले. धमनी फुटली तर मात्र आता नीट बोलणारा माणूस काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. डोक्याला मार लागलेल्याला घरी सोडताना दवाखान्यांनी ही लक्षणं मराठीत लिहून द्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा