तेल-वायूच्या नकाशाला सहा खुणा पुरेत

संपादक महोदय,

तेल आणि वायू प्रकल्पांच्या बातमीसोबत राज्याचा नकाशा छापला जातो, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात खुणांची लांबलचक सूची असते: रिफायनरी, टर्मिनल, डेपो, पंपिंग स्टेशन, एसव्ही स्टेशन (वाहिनीवरचा मधला झडप-कक्ष), सीजीएस (शहराच्या वेशीवरचे वायू स्टेशन), डीआरएस (शहरात दाब आणखी उतरवणारे स्टेशन), बॉटलिंग प्लांट (सिलिंडर भरण्याचा प्रकल्प) वगैरे. कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या तक्त्यांतली नावे तिथे जशीच्या तशी उतरलेली असतात. ते तक्ते परवान्यांसाठी आणि देखभालीसाठी केलेले. मुंबई बंदरालगतच्या माहुल-उरणच्या रहिवाशाला विचाराल तर त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: इथे नेमके काय साठवले आहे, आणि गळती झालीच तर ते कुठे जाईल. खुणा एकत्र करायच्या त्या याच हिशेबाने.

तसे केले की सहा खुणांत काम भागते. समुद्रातले प्लॅटफॉर्म व विहिरी; रिफायनऱ्या व प्रक्रिया प्रकल्प; क्रूड (कच्चे तेल), पेट्रोल, डिझेलच्या टाक्या, मग त्या डेपोत असोत की जेट्टीजवळ; एलपीजीचा (सिलिंडरच्या गॅसचा) साठा व बॉटलिंग; एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल; आणि नैसर्गिक वायूची स्टेशने. पाइपलाइन रेषेने दाखवावी. पेट्रोल पंप आणि सीएनजी पंप राज्याच्या नकाशातून सरळ वगळावेत.

सोपे करण्याच्या नादात सगळ्या 'गॅस'ला एकच खूण देण्याचा मोह होतो, आणि सर्वांत मोठी चूक तिथेच होते. एलपीजी हवेपेक्षा जड. तो गटारात, तळघरात, सखल भागात साचून राहतो. पाइपलाइनमधला नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. एलएनजी हाही मिथेनच, पण उणे १६२ अंशांवर द्रव केलेला. सांडला तर त्याची गार वाफ आधी जमिनीलगत पसरते आणि तापल्यावरच वर चढते. म्हणून दाभोळचे टर्मिनल आणि एखादा बॉटलिंग प्लांट एका खुणेखाली आणता येत नाहीत. उलट तेलाचे डेपो, टर्मिनल आणि टँक फार्म (टाक्यांचे आवार) एकत्र केल्याने वाचकाचे काहीच बिघडत नाही. पाइपलाइनच्या रेषेतही एक फरक राखावा. मोठ्या वाहिन्यांतल्या वायूला सहसा वास नसतो. शहराच्या वेशीवर, सीजीएसमध्ये, दाब उतरवून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. सीजीएसच्या अलीकडे जाड रेषा, पलीकडे बारीक, एवढे पुरे.

तक्ता हाताळताना मूळ प्रकाराचे नाव पुसू नये. शेजारी नवा रकाना घालून त्यात सहापैकी एक प्रकार लिहावा, म्हणजे शंका आल्यास मागे जाता येते. एकाच आवारातली प्रक्रिया, टाक्या आणि वीजनिर्मिती तीन खात्यांकडून तीन नोंदींत येते. ते आवार एकदाच दाखवावे, धोक्याच्या दृष्टीने जे मोठे त्याच्या खुणेने. अक्षांश-रेखांश तर तपासावेतच. उरणचा तेल-वायू प्रक्रिया प्रकल्प साधारण १८ अंश ५२ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५६ मिनिटे पूर्व असा आहे. हेच कोणी १८.५२ आणि ७२.५६ असे दशांशात टंकले, तर ठिपका थेट रेवदंड्यासमोर भर समुद्रात पडतो. तिथे तो समुद्रातला प्लॅटफॉर्म म्हणून खपूनही जातो, ही खरी पंचाईत.

प्रमाणाचा विचार तर बहुधा होतच नाही. १२ सेंटीमीटर रुंदीत सुमारे ८०० किलोमीटरचे राज्य बसवले की माहुल आणि उरण यांच्यातले अंदाजे १५ किलोमीटर अंतर जेमतेम २ मिलिमीटर उरते. माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या, जवाहर द्वीपाचे तेल टर्मिनल आणि उरणचा प्रकल्प यांचा एकच डाग होतो. मुंबई बंदराच्या परिसराला वेगळी मोठी चौकट हवीच. बॉम्बे हाय हे समुद्रातले तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला असल्याने नकाशाची डावी कडाही तेवढी सरकवावी लागते, नाहीतर तेल निघते तीच जागा बाहेर राहते. याच प्रमाणात पाइपलाइनची १ मिलिमीटर जाड रेषा जमिनीवर साडेसहा किलोमीटरहून अधिक रुंदी व्यापते. 'मार्ग अंदाजे' असे खाली छापले नाही, तर वाहिनी आपल्याच शेतातून जाते असा समज करून घेणारे निघतातच. एसव्ही स्टेशने इथे दाखवूच नयेत. गर्दी होते, आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही ते बरे नव्हे.

बंद पडलेल्या किंवा बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाला सातवी खूण नको. तीच खूण आतून पोकळ ठेवावी. आणि खुणांमधला फरक रंगावर न सोडता आकारावर ठेवावा: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ. आतली पाने कृष्णधवल निघतात, तिथे लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच राखाडी दिसतात.

– एक वाचक, पनवेल