आठवडा की रविवार

तेर्नोपिल, युक्रेन

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. भोंगा वाजला की आम्ही सगळ्याजणी तळघरात जातो, काळजी करू नका.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, खारकिवला दोन वर्षं रशियन शिकलीस, आता युक्रेनियन सोपी जात असेल. मलाही तसंच वाटलं होतं. अवघड जोडाक्षरांचे शब्द घोकून जमतात हो. रशियनमधला साधा नमस्कार 'झ्द्रास्त्वुइत्ये', तोसुद्धा आठ दिवसांत जिभेवर बसला होता. फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि आपली शिक्षा म्हणजे छडी, तसं.

परवा वॉर्डात एका आजोबांचं पोट दुखत होतं. कधीपासून, विचारलं तर म्हणाले, 'झ नेदीली'. रशियनमध्ये 'न्येद्येल्या' म्हणजे आठवडा, म्हणून मी केसपेपरवर 'सात दिवस' लिहून टाकलं. युक्रेनियनमध्ये 'नेदील्या' म्हणजे रविवार! आठवड्याला 'तिझ्देन' म्हणतात. तो मंगळवार होता, म्हणजे दुखणं दोनच दिवसांचं. अपेंडिक्सचा संशय असताना दोन दिवस आणि सात दिवस यांत केवढा फरक पडतो! आमच्या बाईंनी आजोबांना पुन्हा विचारलं म्हणून निभावलं. मला रात्री झोप लागली नाही. आता मी रुग्णाकडून वार आणि तारीख दोन्ही वदवून घेते.

बाबा, हा शब्द तुम्हाला आवडेल. 'ने' म्हणजे नाही, पुढचा भाग कामाचा. काम न करण्याचा दिवस, तो रविवार. रशियनमध्ये तोच शब्द सरकत सरकत अख्ख्या आठवड्याचा झाला आणि रविवारला येशूच्या पुनरुत्थानावरून वेगळं नाव मिळालं.

उच्चारात मात्र मराठी कामी येते. रशियन 'ग' ज्या अक्षराने लिहितात, त्याच अक्षराचा युक्रेनियन उच्चार थेट आपला 'ह'. 'ग'साठी त्यांचं वेगळं अक्षर आहे. ते १९३३ साली सोव्हिएत काळात वर्णमालेतून काढलं होतं, १९९० मध्ये परत आलं. साखरेला इथे 'त्सुकोर' म्हणतात, पहिला उच्चार 'चूक'मधल्या 'च'चा. मला तो शिकावाच लागला नाही. रशियनमध्ये तर जवळजवळ आपलीच 'साखर', 'साखार'.

आई, तुझा एक किस्सा राहिला. घरमालकीणबाईंना मी बाबुस्या म्हणते, म्हणजे आजी. त्यांनी तुझा पैठणीतला फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, 'याका व्रोद्लिवा!' माझा चेहरा पडला. रशियनमध्ये 'उरोद्लिवाया' म्हणजे कुरूप. त्यांना कळेना मला काय झालं. मग खिडकीतल्या जिरॅनियमच्या फुलाकडे बोट दाखवलं, पुन्हा तुझ्या फोटोकडे, आणि तोच शब्द सावकाश म्हणाल्या. युक्रेनियनमध्ये त्याचा अर्थ देखणी.

फोटो आता त्यांच्या स्वयंपाकघरात लावलाय. मला दुसरा पाठव.

तुमची,
ताई