ऑडिट नोंदी बंद पडल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: लोड-टाइमऐवजी कंपाइल-टाइम वीव्हिंग करून देण्याबाबत

महोदय,

आमच्या फोंड्याच्या पतसंस्थेचे जावा सॉफ्टवेअर आपल्या कंपनीने बसवले आहे. कोणत्या खात्यात कोणी काय बदल केला, याची नोंद त्यातले ॲस्पेक्ट, म्हणजे मूळ कोडमध्ये बाहेरून विणले जाणारे कोडचे तुकडे, ठेवतात (हे विणणे म्हणजेच वीव्हिंग). ऐन चवथीच्या तोंडावर ठेवी मोडायला सभासदांची रांग लागली होती, तेव्हा या नोंदी बंद होत्या. आम्हाला ते कळले लेखापरीक्षकांनी नोंदी मागितल्यावर.

कारण आम्हालाच शोधावे लागले. जावाची आवृत्ती बदलताना आपल्या अभियंत्याने स्टार्टअप स्क्रिप्ट नवी लिहिली आणि तिच्यातून '-जावाएजंट'ची, म्हणजे वीव्हिंग करणारा एजंट जावाला जोडणारी, ओळ गळली. लोड-टाइम वीव्हिंगची सगळी मदार त्या ओळीवर. क्लास लोड होताना एजंट त्यात ॲस्पेक्टचा कोड घालतो. एजंटच नसेल तर क्लास जसाच्या तसा लोड होतो. एरर येत नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही. काउंटरवर पैसे मिळतात, पावती छापली जाते, नोंद मात्र होत नाही. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेत हे चालणार नाही.

खरेदीच्या वेळीच आम्ही कंपाइल-टाइम वीव्हिंग मागितले होते. त्यात सॉफ्टवेअर बांधतानाच वीव्हिंग होते, त्यामुळे ॲस्पेक्टचा कोड क्लास फाइलमध्येच असतो. ॲस्पेक्टजे या वीव्हिंगच्या साधनाची रनटाइम जार (प्रोग्राम चालताना लागणारी फाइल) चुकून टाकायची राहिली, तरी व्यवहार तिथेच अडतो आणि चूक लगेच उघडी पडते. 'आम्ही लॉम्बॉक वापरतो, एजेसी कंपायलरशी त्याचे जमत नाही,' हे आपले उत्तर अर्धेच खरे आहे. लॉम्बॉक कंपाइल करताना नेहमीचा कोड आपोआप तयार करते आणि एजेसी हा ॲस्पेक्टजेचा कंपायलर; पण आधी जावासी (जावाचा नेहमीचा कंपायलर) व लॉम्बॉकने क्लास फाइली तयार करून मग त्यांवर एजेसी चालवता येतो. आपण सुचवलेल्या स्प्रिंग प्रॉक्सीचाही (ऑब्जेक्टसमोर बसून बाहेरून येणारे कॉल आधी स्वतःकडे घेणारा मध्यस्थ) उपयोग नाही: एका ऑब्जेक्टची मेथड त्याचीच दुसरी मेथड बोलावते तेव्हा प्रॉक्सी मध्ये येतच नाही, आणि आमचे व्याज नेमके तसेच जमा होते.

मंदपणा शोधायला चार दिवस एजंट लावायचा तर खुशाल लावा. ऑडिट त्याच्या भरवशावर नको.

तरी देखभाल करारानुसार, वेगळा आकार न घेता, कंपाइल-टाइम वीव्हिंग केलेली जार द्यावी. बिल्ड करताना एजेसीचा 'शोवीव्हइन्फो' हा पर्याय चालू ठेवून कोणत्या मेथडला कोणता ॲस्पेक्ट लागला, तो अहवाल सोबत जोडावा. बुडालेल्या नोंदी डेटाबेसच्या बॅकअपवरून जितक्या उभ्या करता येतील तितक्या करायला माणूस पाठवावा. लेखी उत्तर आठ दिवसांत मिळावे.

कळावे,
संगणक विभाग प्रमुख
फोंडा, गोवा