डेझीच्या धाकट्या बहिणीविषयी

पुणे, १२ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आठवड्यापूर्वीच हाती आले. तुझ्या धाकट्या लेकीच्या मालिकेचे चित्रीकरण आणखी सहा महिने लांबले असून वहिनींना तिच्या शाळेची आणि तुला तिच्या पुढच्या आयुष्याची काळजी लागली आहे, असे तू लिहिले आहेस. शाळेविषयी मी बोलणार नाही, तो वहिनींचा प्रांत आहे. पुढच्या आयुष्याविषयी मात्र हनी इराणी या बाईंचे उदाहरण सारखे डोक्यात घोळते आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या लहानपणी दूरदर्शनवर जुने हिंदी चित्रपट लागत, तेव्हा ज्या चुणचुणीत पोराचे आपल्या आया कौतुक करत, ते पोर पुष्कळदा मुलगी असे. एक तर डेझी इराणी, नाही तर तिची धाकटी बहीण हनी. 'नया दौर' (१९५७) मध्ये डेझी होती, आणि 'चिराग कहाँ रोशनी कहाँ' (१९५९) मध्ये राजेंद्रकुमार व मीनाकुमारी यांच्याबरोबर काम करणारा लहानगा म्हणजे हनी. मुलींना मुलाचे कपडे घालून उभे करायचे आणि प्रेक्षकांनाही त्यात काही वावगे वाटायचे नाही, असा तो काळ होता.

बालकलाकाराचे दुखणे तुला सांगायला नको. चेहऱ्यावरचे बाळसे गेले की कामही जाते. हनी इराणी १९७२ च्या 'सीता और गीता' मध्ये दिसल्या, त्याच सुमारास जावेद अख्तर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, झोया आणि फरहान ही दोन मुले झाली आणि पुढे तो संसार मोडला. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते आणि नाव केवळ जुन्या आठवणींच्या सदरांपुरते उरते.

परंतु १९९१ साली यश चोप्रांचा 'लम्हे' आला, आणि त्याच्या श्रेयनामावलीत हे नाव लेखिका म्हणून झळकले. आपल्याकडे तो फारसा चालला नाही. ज्या मुलीला लहानाची मोठी होताना पाहिले तीच नायकावर प्रेम करते, हे प्रेक्षकांच्या पचनी पडले नाही. तरीही सर्वोत्कृष्ट कथेचा फिल्मफेअर पुरस्कार हनी इराणींना मिळाला आणि संवादांचा राही मासूम रझा यांना. दोन वर्षांनी त्यांनीच लिहिलेला 'डर' आला. त्याचे संवाद जावेद सिद्दीकी यांचे होते. हिंदीत कथा, पटकथा आणि संवाद ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात हे खरे, तरी मला यात एक गंमत दिसते. जिचे बालपण दुसऱ्यांचे संवाद पाठ करण्यात गेले, तिने मोठेपणी संवाद दुसऱ्यांकडे सोपवून प्रसंगांची बांधणी आपल्या हाती घेतली. कोण कधी खोलीत येतो, कोणाला काय ठाऊक आहे आणि ते इतरांना कधी कळते, हे सारे सेटवर तासन्‌तास बसून राहणाऱ्या मुलाला आपोआप कळत असले पाहिजे. हा अर्थात माझा तर्क. पण 'कहो ना प्यार है' (२०००) ची पटकथा आठव: नायक अर्ध्यावरच मरतो आणि न्यूझीलंडमध्ये हुबेहूब त्याच्यासारखा दुसरा भेटतो. एवढी मोठी उडी प्रेक्षकाला खटकू न देण्याचे काम केवळ संवादांनी होत नाही.

आणखी एक गोष्ट मला राहून राहून जाणवते, ती वयाची. 'लम्हे' मध्ये वयाचे अंतर हाच पेच आहे. 'क्या कहना' (२०००) मध्ये महाविद्यालयात शिकणारी अविवाहित मुलगी आई व्हायचे ठरवते, आणि त्या कथेलाही फिल्मफेअर मिळाले. 'कोई मिल गया' (२००३) मध्ये, ज्याच्या पटकथेत इतरांबरोबर त्यांचेही नाव आहे, नायक शरीराने तरुण असून मनाने मूल आहे. ज्या वयात जे व्हायचे ते त्या वयात झालेले नाही, अशी माणसे त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतात. कोवळ्या वयातच कमावत्या झालेल्या बाईंच्या हातून दुसरे काय उतरणार, असे मनात येते; मग वाटते, आपण उगाच फार खोल जात आहोत. २००३ मध्ये त्यांनी 'अरमान' दिग्दर्शितही केला, पण मला त्या लेखिका म्हणूनच मोठ्या वाटतात.

आता तुझ्या काळजीविषयी. डेझी-हनीच्या काळी नसलेले संरक्षण धाकटीला आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, आणि तिच्या कमाईचा किमान २० टक्के भाग तिच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. निर्मात्याकडे हे स्पष्ट शब्दांत विचार. भीड धरू नकोस.

एक आठवण मुद्दाम लिहितो. मागच्या दिवाळीत धाकटी मला म्हणाली होती, "काका, आमच्या मालिकेतली आजी चुकीच्या वेळी रडते. तिला ती बातमी आदल्या भागातच कळली होती ना!" सेटवर हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते, असेही तिने फुशारकीने सांगितले. पुढच्या पंधरवड्यात मी ठाण्यास येत आहे. ती आजी मग कधी रडायला हवी होती, हे मला तिच्याकडून नीट समजून घ्यायचे आहे. तोवर तिला एक कोरी वही आणून दे.

वहिनींना नमस्कार, धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझा,
जुना शेजारी